बेसमेंटच्या भिंती आणि गॅसवरची नेलगन

आमच्या बेसमेंटचं काम एप्रिल 2025 मध्ये संपलं. न्यू जर्सीत घर घेतलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या डोक्यात हा विषय असतोच. खाली एवढी मोकळी जागा पडून आहे, आई-बाबा सहा-सहा महिने राहायला येतात, मुलांना हिवाळ्यात धुडगूस घालायला जागा नाही. मग कॉन्ट्रॅक्टर येऊन आकडा सांगून जातो आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो. आम्हाला मिळालेला सगळ्यात कमी आकडाही चाळीस हजार डॉलरच्या वर होता. तेव्हा मी आणि नवऱ्याने ठरवलं, की भिंतींचा लाकडी सांगाडा, म्हणजे फ्रेमिंग, आपण करायचं. वीज आणि ड्रायवॉल, म्हणजे सांगाड्यावर लावायचे जिप्समचे तक्ते, जाणकारांना द्यायचं.

मी दिवसभर डेटाबेस सांभाळणारी बाई. पडद्यांचे दांडे आणि एक-दोन शेल्फ यापलीकडे सुतारकाम केलेलं नव्हतं. करवत, मापं, गुण्या या गोष्टी जमतील असं वाटत होतं. धास्ती होती ती नेलगनची, म्हणजे खिळे मारणाऱ्या यंत्राची. तशीच धास्ती आणखी कोणाला असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अर्थातच कागदांपासून झाली. आपल्याकडे बरेच जण परमिटशिवाय बेसमेंट उरकतात. मला ते पटत नाही. भिंतीच्या आत काय आहे हे एका त्रयस्थ माणसाने ड्रायवॉल लागण्याआधी पाहिलेलं असणं मला महत्त्वाचं वाटतं, विशेषतः काम स्वतःच्या हाताने केलेलं असेल तेव्हा. न्यू जर्सीत ज्या एक-कुटुंबी घरात आपण स्वतः राहतो, त्याचे नकाशे घरमालक स्वतः काढू शकतो, आर्किटेक्ट लागतोच असं नाही. त्यासाठी ‘सर्टिफिकेशन इन ल्यू ऑफ ओथ’ (शपथेऐवजी द्यायचं प्रमाणन) नावाच्या कागदावर सही करावी लागते. राज्यभर अर्ज एकसारखेच असतात: एफ-100 हा मुख्य अर्ज, एफ-110 बांधकामाचा, एफ-120 विजेचा, एफ-140 अग्निसुरक्षेचा. विजेचं काम लायसन्सधारी इलेक्ट्रिशियन करणार असेल, तर विजेच्या अर्जावर त्याचं सील लागतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियन आधी ठरवून ठेवा. आमचे काही दिवस त्याच्या सीलची वाट पाहण्यातच गेले.

12 सप्टेंबर 2024 ला मी अर्ज दिला. नियमाप्रमाणे टाउनशिपने, म्हणजे आमच्या गावच्या प्रशासनाने, 20 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. 4 ऑक्टोबरला उत्तर आलं, पण मंजुरीचं नव्हे. नकाशावर फायरब्लॉकिंग (भिंतीच्या फटींतून आग पसरू नये म्हणूनचा अडसर) कुठे, खिळे कोणते आणि किती, स्मोक डिटेक्टर कुठे, हे दाखवा म्हणाले. आणखी एक प्रश्न होता: खोली कशासाठी? नकाशावर ‘बेडरूम’ लिहिलं की आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. तिची उघडी जागा पुरेशी मोठी हवी आणि खालची कड जमिनीपासून 44 इंचांच्या वर नको. तशी खिडकी म्हणजे पायाची काँक्रीटची भिंत कापणं आलं. आम्ही मुलाच्या अभ्यासाची आणि खेळायची जागा खाली आणली आणि आई-बाबांसाठी वरची खोली मोकळी केली. खाली कोणी झोपणार नाही, हे त्याच वेळी पक्कं केलं. सुधारलेले नकाशे दिले आणि 22 ऑक्टोबरला परमिट हातात आलं. फी चारशे वीस डॉलर. वाट पाहण्याच्या काळात रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणीही करून घेतली. इथल्या जमिनीत रेडॉन बऱ्याच ठिकाणी सापडतो, आणि बेसमेंट बंदिस्त करण्याआधी ते पाहणं स्वस्त पडतं.

त्या ‘खिळे कोणते आणि किती’चं उत्तर द्यायला मी बसले आणि नेलगनचा विषय तिथे खऱ्या अर्थाने सुरू झाला. हाताने ठोकायचा जाडजूड खिळा, इथे ज्याला सिक्स्टीन-पेनी कॉमन म्हणतात, साडेतीन इंच लांब आणि 0.162 इंच जाड असतो. प्लेटमधून (सांगाड्याची वरची-खालची आडवी पट्टी) स्टडच्या (उभ्या खांबाच्या) टोकात असे दोन मारले की कोडचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं, समाधान होतं. गनमध्ये सर्रास मिळणारा खिळा त्याहून बारीक, 3 इंच लांब आणि 0.131 इंच जाड. तो वापरला तर प्रत्येक टोकाला तीन लागतात. म्हणजे हातोडीच्या हिशोबाने गन चालवली, तर भिंत कच्ची राहते. मी नकाशावर एक छोटा तक्ता काढून ते लिहून दिलं, आणि तोच तक्ता पुढे बेसमेंटच्या खांबावर चिकटवून ठेवला.

आता कोणती गन? भारतात फर्निचर करणाऱ्या मिस्त्रींकडे आजकाल कॉम्प्रेसरवरची पिन-गन असते, पण ती प्लायवर पट्टी धरून ठेवणाऱ्या बारीक पिनांची. फ्रेमिंगची गन म्हणजे बरंच दांडगं काम. तिच्यात तीन जाती: हवेवरची (कॉम्प्रेसर आणि होज, म्हणजे हवेची नळी, लागणारी), गॅसवरची आणि आता निव्वळ बॅटरीवरचीही. आमच्या ओळखीतले एक पुण्याचे दादा, ज्यांनी स्वतःचं बेसमेंट आधी केलं होतं, त्यांना फोन केला.

“अगं, एकच बेसमेंट करायचंय ना? गॅसची घे. कॉम्प्रेसर जिन्यावरून खाली नेणार, होजमध्ये पाय अडकणार, आणि तो सुरू झाला की वर कुणाला झोप नाही.”

“पण दादा, आत गॅस जळतो ना? खाली वॉटर हीटर आहे आमचा.”

“आहे म्हणूनच सांगतो, गॅसची डबी तिथे बदलायची नाही. वर जाऊन बदल. आणि खिडकी उघडी.”

हा सल्ला मी शब्दशः पाळला. डबीत ज्वलनशील वायू असतो, आणि बेसमेंटमध्ये वॉटर हीटरची किंवा फर्नेसची (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची) ज्योत असते. डब्या मी वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवत असे. उन्हाळ्यात काम करणार असाल, तर त्या गाडीत विसरू नका, 120 अंश फॅरनहाइटच्या वर त्या नेता कामा नयेत. विमानातून तर न्यायच्याच नाहीत, सामानात टाकूनही नाही.

गॅसची गन काही नवी नाही. पॅसलोड या अमेरिकन कंपनीने तारेशिवाय, होजशिवाय चालणारी ‘इम्पल्स’ 1986 मध्ये आणली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. आत जे घडतं ते बजाज स्कूटरच्या इंजिनासारखंच, फक्त एका वेळी एकच स्फोट. गनचं नाक लाकडावर दाबलं की आतली पोकळी बंद होते, मोजका गॅस आत येतो आणि छोटा पंखा तो हवेत मिसळतो. चाप ओढला की बॅटरीच्या जोरावर ठिणगी पडते, स्फोट पिस्टनला ढकलतो आणि पिस्टनचं पातं खिळा हाणतं. गरम वायू थंड होताना आत जी निर्वात स्थिती निर्माण होते, ती पिस्टन मागे खेचते. गन उचलली की पोकळी उघडते आणि पंखा धूर बाहेर टाकतो. हे समजून घेतल्याचा मला फार फायदा झाला. गन चालत नसेल तर पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकायचा. पंखा नसेल तर बॅटरी. पंखा आहे पण स्फोट नाही, तर गॅस किंवा ठिणगी. निम्मे घोळ एवढ्यावर सुटतात.

विकत घेण्याआधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक दिवस भाड्याने आणली. भाडं चाळीसएक डॉलर, खिळे आणि गॅस वेगळे. आदल्या रात्री अमेरिकेच्या नायॉश आणि ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी 2011 मध्ये काढलेली नेलगन-सुरक्षेची पुस्तिका वाचली. ती कॉन्ट्रॅक्टरांसाठी आहे, पण घरी काम करणाऱ्यानेही वाचावीच. सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्य संस्थेच्या मोजणीनुसार 2001 ते 2005 या काळात अमेरिकेत दरवर्षी सरासरी सदतीस हजार लोक नेलगनच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत जात होते, आणि त्यांतले सुमारे चाळीस टक्के व्यावसायिक कामगार नव्हते. म्हणजे आपल्यासारखे. चाप दाबून ठेवून नाक टेकवत जायचं, अशा पद्धतीच्या गनमध्ये धोका जास्त. आधी नाक टेकवा, मग चाप ओढा, प्रत्येक खिळ्याला दोन्ही पुन्हा करा, ही पद्धत सुरक्षित. गॅसच्या गनमध्ये, पोकळी दर वेळी बंद-उघड होत असल्यामुळे, सहसा हीच पद्धत असते. नवख्या माणसाने ती घ्यावी याचं माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं कारण.

पहिला खिळा गॅरेजमध्ये दोन तुकडे एकावर एक ठेवून मारला. नाक दाबताना स्प्रिंगचा चांगलाच रेटा लागतो, अर्धवट दाबून काही होत नाही. आत पंखा गुरगुरायला लागतो. मग चाप, आणि कानाच्या आच्छादनातूनही ऐकू येणारा फाडकन आवाज, गन हातात वर उसळते, जळक्या गॅसचा वास येतो. खाली बघितलं तर खिळ्याचं डोकं लाकडाशी समपातळीत बसलेलं, भोवती तेलकट करडी कडी. माझा हात थरथरत होता. नवऱ्याने विचारलं, “तू मारतेस का मी मारू पुढचे?” मी म्हटलं, मीच मारते, तू स्टड धर आणि हात लांब ठेव.

हात लांब म्हणजे किती, तर पुस्तिकेत 12 इंच सांगितलं आहे. आम्ही स्टडवर पेन्सिलने रेघ मारून ठेवायचो आणि धरणाऱ्याचा हात त्या रेघेच्या अलीकडे नाही. कारण खिळा सरळच जाईल याचा भरवसा नसतो. गाठीवर आदळला की वळतो आणि लाकडाच्या बगलेतून टोक बाहेर काढतो. हे आमच्याकडे भर दुपारी झालं. स्टडच्या कडेतून दीड इंच चकचकीत टोक बाहेर, आणि नवऱ्याचा हात रेघेपलीकडे होता म्हणून काही नाही. त्यानंतर गाठ दिसली की मी खिळा इंचभर सरकवायची. डोळ्यांवर कडेने बंद असलेला, झेड-87 या सुरक्षा-मानकाच्या शिक्क्याचा चष्मा दोघांच्याही, फक्त गन धरणाऱ्याच्या नव्हे.

भाड्याचा दिवस समाधानकारक गेला, म्हणून चारशे डॉलरच्या आसपास नवी गन घेतली. खिळे घेताना गनचा कोन बघून घ्या. माझी 30 अंशांची, कागदी पट्टीत ओवलेल्या खिळ्यांची. पूर्ण गोल डोक्याचे घेतले, कारण काही ठिकाणी अर्धवट कापलेल्या डोक्याला हरकत घेतात. काँक्रीटवर टेकणारी खालची प्लेट कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडाची असावी लागते. त्या प्रक्रियेतलं तांबं साध्या खिळ्याला खातं, म्हणून तिथे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड खिळे. गॅसच्या डबीच्या तळाशी मुदत छापलेली असते, दुकानात ती वाचून मगच घ्या. सवलतीत मिळणाऱ्या डब्या बहुधा मुदत संपत आलेल्या असतात.

भिंती जमिनीवर आडव्या बनवायच्या आणि मग उभ्या करायच्या, ही पद्धत सोपी. प्लेट दीड इंच जाड, खिळा तीन इंच, म्हणजे दीड इंच स्टडमध्ये जातो. मधलं अंतर 16 इंच, टेपवर ते वेगळ्या खुणेने छापलेलं असतं. बेसमेंटची अडचण अशी, की पूर्ण उंचीची भिंत उभी करताना तिचा कोपरा वरच्या जॉइस्टला, म्हणजे छताच्या तुळईला, अडतो. म्हणून आम्ही आधी एक प्लेट जॉइस्टांना मारून ठेवली, भिंत तेवढी कमी उंचीची केली, तिच्याखाली सरकवली आणि उरलेल्या फटीत शिम, म्हणजे पातळ पाचरी, घातल्या. दोन प्लेट एकमेकींना मारताना लक्षात ठेवा, की दोन्ही मिळून जाडी तीनच इंच होते. सरळ मारलेल्या खिळ्याचं टोक पलीकडे येतं, जरा तिरका मारा. आणि जॉइस्टांच्या दिशेने वर खिळा मारण्याआधी टॉर्च घेऊन बघा. पाण्याच्या तांब्याच्या नळ्या, गॅसची पाइप, जुन्या तारा तिथूनच जातात. मी दोन ठिकाणी गन बाजूला ठेवून स्क्रू वापरले. डक्टभोवतीच्या अरुंद जागेतही गनचं डोकं मावत नाही, तिथे हातोडी आणि स्क्रूच.

खालची प्लेट काँक्रीटला धरायला ही गन चालत नाही. हॅमर-ड्रिलने भोकं पाडून टॅपकॉनचे निळे स्क्रू लावले. या कामाचा कंटाळा येतो, धूळ फार होते, मास्क घाला.

डिसेंबर बरा गेला. जानेवारीत थंडीची लाट आली आणि गॅरेजमध्ये कापाकापी करता करता गन तिथेच ठेवली, तर सकाळी दर दोन-तीन खिळ्यांनंतर नुसता पंखा फिरे, स्फोट नाही. गारठ्यात डबीतला दाब उतरतो, हे गॅसच्या सगळ्याच गनच्या बाबतीत होतं. डबी घरात, खोलीच्या तापमानाला ठेवायची, हीटरशेजारी अजिबात नाही. घरात आणल्यावर तासाभरात गन ठीक चालायला लागली. पुढे एकदा खिळा आत अडकला. अशा वेळी नियम एकच: आधी बॅटरी काढायची, मग गॅसची डबी काढायची, मगच नाकाला हात लावायचा. जिन्यावरून वर-खाली नेतानाही मी बॅटरी काढून ठेवायची. साफसफाईसाठी कंपनीने सांगितलेला क्लीनर आणि तेल, दुसरं काही फवारू नका. ज्वलनामुळे आत काजळी धरते, आणि गन कुरकुर करायला लागली की बहुतेक वेळा तेच कारण असतं.

गॅस जळतो म्हणजे धूर होतो, हे विसरून चालत नाही. खिडकी उघडी, दुसऱ्या टोकाला पंखा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू. तो आमच्याकडे वाजला नाही, पण डोकं जड वाटलं की आम्ही वर येऊन चहा घ्यायचो आणि खोली मोकळी होऊ द्यायचो. ज्यांच्याकडे एखाद्या कंपनीच्या मोठ्या बॅटऱ्या आधीपासून आहेत, त्यांनी निव्वळ बॅटरीवरची गन घ्यावी असं माझं आता मत आहे. वजनाला ती जड असते, पण धूर आणि मुदतीच्या डब्या दोन्ही टळतात. ज्यांच्याकडे काहीच नाही आणि मनगटं माझ्यासारखी आहेत, त्यांना गॅसची हलकी पडते.

आता तपासणी. आधी विजेची रफ तपासणी (तारा अजून उघड्या असतानाची) झाली, मग 11 फेब्रुवारी 2025 ला फ्रेमिंगची. तपासणीची विनंती केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्यांनी यायचं असतं, आमचे इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी प्रक्रिया केलेली प्लेट पाहिली, भिंतीच्या वरच्या फटीत भरलेलं रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) दाबून पाहिलं, मग म्हणाले, “स्टडच्या टोकाचे खिळे कसे दाखवणार?” भिंत उभी राहिली की खालच्या प्लेटमधल्या खिळ्यांची डोकी काँक्रीटकडे जातात, वरची शिम आणि प्लेटच्या मध्ये. सुदैवाने दादांनी हेही आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्येक भिंत आडवी असताना मी टेप शेजारी ठेवून फोटो काढले होते. खांबावरचा तक्ता आणि फोनमधले फोटो त्यांनी शांतपणे पाहिले, एका कोपऱ्यात फायरब्लॉकिंग वाढवायला सांगितलं आणि दुसऱ्या आठवड्यात येऊन सही केली. हे फोटो काढायला कुठलेही कष्ट नाहीत. न चुकता काढा.

पुढे इन्सुलेशनची तपासणी, मार्चमध्ये ड्रायवॉल आणि रंग, मग जमीन. खर्च लिहिते, कारण मला स्वतःला असा आकडा कुठे सापडत नव्हता: परमिट 420, लाकूड, फोम आणि स्क्रू 1,900, गन, खिळे, गॅस आणि सुरक्षेचं सामान 600, इलेक्ट्रिशियन 3,200, ड्रायवॉल आणि रंग 4,800, जमीन 2,100. एकूण तेरा हजार डॉलरच्या आसपास. आमचा वेळ यात धरलेला नाही, आणि तो बराच गेला, जवळजवळ सगळा हिवाळा शनिवार-रविवार.

रिकाम्या डब्या कचऱ्यात टाकल्या नाहीत. त्यांच्यात थोडा दाब शिल्लक असतो, त्या फोडायच्या किंवा जाळायच्या नसतात. काउंटीचा घरगुती घातक कचरा गोळा करायचा दिवस असतो, त्या दिवशी नेऊन दिल्या. 17 एप्रिलला शेवटची तपासणी झाली आणि त्यानंतर सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल, म्हणजे काम मंजूर झाल्याचा दाखला, आलं. त्याची एक प्रत घराच्या कागदांबरोबर आणि एक स्कॅन करून ठेवा. घर विकताना बेसमेंट दिसलं की हा कागद मागतात, आणि तो टाउनशिपकडून पुन्हा मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो.